ग्लेन एकोचे लाकडी घोडे

जत्रेत वावरलेल्या माणसाला घोड्यांच्या पाळण्याची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. मधोमध एक खांब, त्याला चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे दांडे, दांड्यांना टांगलेले चार-सहा लाकडी घोडे आणि ते सारे हातांनी ढकलून गरागरा फिरवणारा पाळणेवाला, एवढ्या साहित्यावर तो उभा राहतो. जत्रा उठली की सुटा होऊन पुढच्या गावी जातो. युरोप आणि अमेरिकेत हीच कल्पना एकोणिसाव्या शतकात यंत्राच्या आणि सुतारकामाच्या साहाय्याने फार मोठ्या आकाराला पोहोचली. तिकडे तिला कॅरोसेल असे म्हणतात. बोलीभाषेत मेरी-गो-राउंड हे नावही रूढ आहे व ते आपल्याकडेही परिचित आहे.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिच्या वेशीपासून जवळच, मेरिलँड राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी ग्लेन एको नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील करमणूक-उद्यानात १९२१ साली एक कॅरोसेल बसवण्यात आले. उद्यान पुढे बंद पडले. परंतु कॅरोसेल आजही त्याच मंडपात, त्याच जागी आहे. त्यावर एकंदर बावन्न प्राणी आहेत. चाळीस घोडे, चार ससे, चार शहामृग, एक जिराफ, एक हरिण, एक सिंह आणि एक वाघ. यांखेरीज ज्यांना प्राण्यावर स्वार व्हावयाचे नसेल त्यांच्यासाठी दोन रथ आहेत. सर्व काम लाकडाचे, आणि सर्व हाताने कोरलेले. या बावन्न प्राण्यांपैकी एकाही प्राण्याच्या पाठीवर बसण्याची मुभा पहिली चाळीस वर्षे कृष्णवर्णीय मुलांना नव्हती. म्हणूनच ग्लेन एकोच्या कॅरोसेलचा इतिहास हा केवळ एका जुन्या खेळण्याचा इतिहास राहत नाही.

कॅरोसेल या शब्दाचा उगम लहानशी लढाई अशा अर्थाच्या एका जुन्या इटालियन वा स्पॅनिश शब्दात आहे, असे सांगतात. अरब आणि तुर्क घोडेस्वार सुगंधी पाण्याने भरलेले मातीचे गोळे एकमेकांकडे फेकून झेलण्याचा खेळ खेळत. तो धर्मयुद्धांच्या काळात युरोपियनांनी पाहिला आणि आपल्याकडे नेला. फ्रान्समध्ये त्या खेळाचे राजदरबारी थाटाच्या घोडेस्वारीत रूपांतर झाले. राजपुत्राच्या जन्माप्रीत्यर्थ चौदाव्या लुईने १६६२ च्या जूनमध्ये पॅरिस येथील ट्विलरी राजवाड्यासमोर असा एक भव्य सोहळा घडवून आणला. ते पटांगण आजतागायत कॅरोसेलच्याच नावाने ओळखले जाते. या खेळांपैकी एक असा होता, की भरधाव घोड्यावरून जाताना टांगलेली कडी भाल्याच्या टोकावर अचूक उचलून न्यावयाची. त्याच्या सरावासाठी जिवंत घोडा दमवण्यापेक्षा एका खांबाभोवती फिरणाऱ्या दांड्यांवर लाकडी घोडे बसवून सरदारपुत्रांना त्यांवर बसवणे सोयीचे ठरले. सरावाच्या या साधनात मौज आहे हे ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. लवकरच ते दरबारातून जत्रेत उतरले. कडी उचलण्याची चाल मात्र अमेरिकेतील कॅरोसेलांपर्यंत टिकून राहिली. बाहेरच्या रांगेतील स्वाराने वाकून खोबणीतून कडी ओढावयाची; बहुतेक कड्या लोखंडी असत, पितळेची मिळाली तर पुढची फेरी फुकट. अमेरिकेतील कॅरोसेले घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे स्वाराचा उजवा हात कडीच्या बाजूला येतो. इंग्लंडमध्ये ती काट्यांच्या दिशेने फिरतात, कारण घोड्यावर डाव्या बाजूने चढण्याचा रिवाज तेथे लाकडी घोड्यालाही लागू झाला.

प्रारंभी हे पाळणे माणसे किंवा खेचरे फिरवीत. साहजिकच त्यांचा आकार आणि वजन मर्यादित असे. १८६० नंतरच्या काळात इंग्लंडमध्ये त्यांना वाफेचे इंजिन जोडण्यात आले. किंग्ज लिन या गावी शेतीची यंत्रे तयार करणाऱ्या फ्रेडरिक सॅव्हेज यांच्या कारखान्याने या कामात विशेष प्रगती केली. घोडे केवळ फिरू नयेत, तर दौडत असल्यासारखे खालीवरही व्हावेत, यासाठी डोक्यावरच्या क्रँकची योजना तेथेच विकसित झाली. इंजिन आल्याबरोबर वजनाची अडचण संपली आणि कोरीव कामाला वाव मिळाला. एका अर्थी वाफेनेच लाकडी घोड्याला देखणे केले.

अमेरिकेत ही कला नेली ती स्थलांतरितांनी. त्यांत डेंट्झेल घराण्याचे नाव अग्रभागी आहे. जर्मनीतील क्रॉइत्सनाख येथे मिखाएल डेंट्झेल कॅरोसेले तयार करीत. त्यांचा मुलगा गुस्ताव १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेत आला आणि फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाऊन भागात त्याने लाकडी कपाटे वगैरे बनवण्याचे दुकान थाटले. मन मात्र वडिलांच्या धंद्यात होते. १८६७ च्या सुमारास त्याने कॅरोसेलची पाटी लावली. पहिल्या दिवसांतील त्याची एक आख्यायिका सांगितली जाते. आपले कॅरोसेल घेऊन तो दक्षिणेकडील रिचमंड शहरी गेला असता लोकांनी त्यावर दगडफेक केली. बिचाऱ्याला कारण कळेना. पुढे उलगडा झाला, की त्याचा बाजा यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेवर मिळवलेल्या विजयाचे गाणे वाजवीत होता! नवख्या देशात आलेल्या जर्मन सुताराला त्या सुरांचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गुस्ताव १९०९ मध्ये वारला. त्यानंतर मुलगा विल्यम याने कारखाना चालवला, आणि ग्लेन एकोचे कॅरोसेल हे त्याच्याच कारकीर्दीतील आहे. १९२८ मध्ये विल्यमच्या मृत्यूबरोबर कारखानाही संपला.

या कारखान्यात काम करणारे हातही बहुतांशी परदेशातून आलेलेच होते. सिसिलीतील पालेर्मोहून आलेला साल्वातोरे चेर्निल्यारो हा त्यांतला एक. ससे, मांजरे, शहामृग यांसारखे प्राणी डेंट्झेलच्या कॅरोसेलांवर आणण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. डॅनियल म्युलर हा दुसरा नामांकित कारागीर. त्याने काही वर्षे भावासह स्वतःचा कारखाना काढला आणि नंतर तो पुन्हा डेंट्झेलांकडे आला. घोड्याचे शरीरशास्त्र त्याच्याइतके बारकाईने अभ्यासलेला कोरक्या त्या धंद्यात विरळाच. परंतु कोरीव प्राण्यावर आपले नाव घालण्याची प्रथा सहसा नव्हती. घोडा कारखान्याच्या नावाने विकला जाई.

लाकडी घोडा एका ओंडक्यातून कोरीत असतील अशी पाहणाऱ्याची समजूत होते. ती चुकीची आहे. घोड्याचे धड म्हणजे वस्तुतः एक पोकळ पेटी असते. लिंडन किंवा पॉपलर जातीच्या मऊ, सरळ रेषेच्या लाकडाच्या फळ्या सरसाने एकमेकींना चिकटवून ती तयार करतात. पोकळीमुळे वजन घटते; शिवाय हवेतील ओलावा कमीजास्त झाला तरी अखंड ओंडक्याप्रमाणे ती तडकत नाही. डोके, मान आणि पाय यांचे ठोकळे स्वतंत्र जोडतात. त्यांतही लाकडाच्या रेषा पायाच्या लांबीच्या दिशेने याव्यात, आडव्या येऊ नयेत, ही दक्षता घ्यावी लागते. नाहीतर एखाद्या दांडगट मुलाच्या लाथेसरशी पाय गुडघ्यातून मोडावयाचा. सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के करतात. एवढी जुळणी झाल्यावर पटाशी आणि हातोडा यांचे काम सुरू होते. उमेदवार आणि मदतनीस धड व पाय ढोबळ आकारात आणून देत. डोके मात्र मुख्य कोरक्याचे. फुललेल्या नाकपुड्या, ताणलेले ओठ, मानेवर उडालेली आयाळ, कपाळावरच्या शिरा, हे त्याने स्वतः कोरावयाचे. डोळे काचेचे बसवीत. शेपटी काही घोड्यांना लाकडाची, तर काहींना खऱ्या घोड्याच्या केसांची असे. मग घासकाम, अस्तराचे हात, रंग आणि शेवटी व्हार्निश.

अमेरिकन कोरीव कामात जाणकार तीन घराणी मानतात. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडचे घराणे भडक आणि नाट्यमय. तेथील घोड्यांच्या आयाळी वाऱ्यावर पिसाटलेल्या, अंगावर काचेचे खडे आणि सोनेरी वर्ख. मध्य अमेरिकेतील फिरत्या जत्रांसाठी बनवलेले घोडे साधे, लांबट अंगाचे, गाडीत एकावर एक रचून नेता येतील असे. त्यांना सौंदर्यापेक्षा प्रवास सोसणे अधिक आवश्यक होते. फिलाडेल्फियाचे घराणे या दोहोंहून वेगळे. त्याचा भर वास्तवावर. डेंट्झेलचा घोडा पाहताना कातड्याखालचा स्नायू जाणवतो, खांद्याचे हाड कोठे असावे ते कळते, आणि चेहऱ्यावर बहुधा एक शांतपणा असतो. सिंह-वाघही या घराण्यात खेळण्यासारखे नसून प्राणिसंग्रहालयातून आणल्यासारखे वाटतात. सशाला मात्र मुलाला पाठीवर घेण्याइतके मोठे करावे लागले. तेथे वास्तवाने माघार घेतली, आणि ते योग्यच झाले.

घोड्याची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक नटवलेली असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अमेरिकन कॅरोसेलमध्ये घोड्याची उजवी बाजू बाहेरच्या अंगाला, म्हणजे कठड्यापाशी उभ्या राहिलेल्या गर्दीकडे असते. आयाळ त्या बाजूला पडते, खोगिरावरची फुले, गोंडे, बिल्ले त्या बाजूला कोरतात. खांबाकडची डावी बाजू बरीच सपाट ठेवतात, कारण तिकडे पाहणारे कोणी नसते. शिवाय बाहेरच्या रांगेतील प्राणी आकाराने मोठे आणि कामाने अधिक समृद्ध. आतल्या रांगांतील लहान आणि साधे. थोडक्यात, कॅरोसेलची रचना बसलेल्या माणसासाठी जितकी असते, तितकीच ती तिकीट न काढता बाहेर उभे राहून पाहणाऱ्यासाठीही असते. त्याने पाहावे, मोहून जावे आणि आत यावे, हा त्यातील व्यापारी हिशेब.

यंत्राची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. फिरता मंच जमिनीवर टेकलेला नसतो. तो वरून टांगलेला असतो. मधल्या खांबाच्या माथ्यावरच्या बेअरिंगवर आऱ्यांचा छत्रीसारखा सांगाडा तोललेला असतो आणि मंच, प्राणी व माणसे यांचा सारा भार तेथून लोंबतो. खालीवर होणाऱ्या घोड्यांसाठी वर आडवे क्रँक असतात. प्रत्येक क्रँकच्या आतल्या टोकाला एक लहान दंतचक्र असून ते मधल्या खांबाभोवतीच्या स्थिर दंतचक्रावर टेकलेले असते. सांगाडा फिरू लागला की लहान चक्र स्थिर चक्रावरून लोळत जाते, क्रँक फिरतो आणि त्याला टांगलेला घोडा दांड्यासह वर-खाली होतो. घोड्याला उडवण्यासाठी निराळी मोटर लागत नाही. ज्यांचे पाय मंचावर टेकलेले आहेत असे प्राणी अर्थात उडत नाहीत. डेंट्झेलच्या कामात बाहेरच्या रांगेत असे उभे प्राणी आढळतात. मुलांना उडता घोडा हवा असतो. देखणा घोडा नेमका स्थिर असतो. कोणता पत्करावा हा पेच कॅरोसेलपाशी पोहोचलेल्या प्रत्येक मुलाला पडतो. त्यात आणखी एक गंमत आहे. सर्व घोडे एका फेरीला सारखाच वेळ घेतात, परंतु खांबापासून दुप्पट अंतरावरचा घोडा तेवढ्याच वेळात दुप्पट मार्ग कापतो. म्हणजे न उडणारा बाहेरचा घोडाच खरा वेगवान.

ग्लेन एकोच्या मंडपात १९२६ साली वुर्लिट्झर कंपनीचा एक मोठा बाजा आला. त्यात लाकडी नळ्यांबरोबर नगारे आणि झांजाही आहेत. छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी त्यातून सरकू लागली की हवेच्या दाबाने अख्खे बँडपथक वाजू लागते.

हे सर्व राजधानीबाहेरच्या एका लहान गावी येण्याचे कारण ट्रॅम हे होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या ट्रॅम-कंपन्यांपुढे एक अडचण होती. कामाच्या दिवशी गाड्या भरून जात, सुटीच्या दिवशी रिकाम्या धावत. त्यावर अनेक शहरांतील कंपन्यांनी मार्गाच्या शेवटी करमणुकीची उद्याने उभारली. ग्लेन एकोची सुरुवात त्याहून गंभीर हेतूने झाली होती. १८९१ मध्ये तेथे शोटोक्वा पद्धतीचे प्रौढ शिक्षणाचे केंद्र, म्हणजे व्याख्याने, संगीत व धर्मचर्चा यांचे उन्हाळी विद्यापीठच, स्थापन झाले होते. ते एका हंगामापलीकडे टिकले नाही. पुढे ती जागा ट्रॅम-कंपनीकडे गेली व १९११ नंतर तिचा करमणूक-उद्यान म्हणून जोमाने विकास झाला. मग कॅरोसेल आले, १९३१ मध्ये प्रचंड तरणतलाव आला, १९३३ मध्ये स्पॅनिश धर्तीचे नृत्यगृह आले. दाराशी प्रवेशमूल्य नव्हते. ज्या खेळात बसावयाचे त्याचे तेवढे तिकीट. उद्यानाच्या जाहिराती वर्तमानपत्रांत, बसगाड्यांवर, रेडिओवर व पुढे दूरचित्रवाणीवरही येत. सर्वांनी यावे असे त्यांत म्हटलेले असे. सर्वांत कोण बसत नाही हे त्यांत कधीच लिहिलेले नसे. वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय मुले त्या जाहिराती ऐकत वाढत आणि आपल्याला का नेत नाहीत असे घरी विचारीत. त्याचे उत्तर आईबापांना द्यावे लागे.

कॅरोसेल आणि वर्णभेद यांच्यात मुळातच एक विसंगती आहे. त्या काळी दक्षिणेत बसगाडीत कृष्णवर्णीयांनी मागे बसावयाचे असा दंडक होता. वर्तुळाला मागची बाजू नसते. कवी लँगस्टन ह्यूज यांनी मेरी-गो-राउंडवरील आपल्या एका छोट्या कवितेत एका बालकाच्या तोंडून नेमका हाच पेच मांडला आहे. उद्यानांच्या चालकांनी तो सरळ सोडवला होता. कृष्णवर्णीयांना वर्तुळातच घ्यावयाचे नाही, हा त्यांचा तोडगा.

३० जून १९६० रोजी संध्याकाळी वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाचे काही विद्यार्थी ग्लेन एकोच्या दाराशी फलक घेऊन उभे राहिले. हॉवर्ड हे प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ. विद्यार्थ्यांनी अहिंसक कृती गट या नावाची संघटना काढली होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून दक्षिणेतील उपाहारगृहांत बसून राहण्याच्या सत्याग्रहाची लाट उसळली होती आणि एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या अहिंसक चळवळीची मध्यवर्ती समिती स्थापन झाली होती. या समितीचे उद्देशपत्रक ज्यांनी लिहिले ते जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तेथे केला होता. ग्लेन एकोच्या दाराशी उभ्या राहिलेल्या मुलांच्या शिस्तीमागे हा धागाही होता, हे भारतीय वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

काही विद्यार्थी फलक बाहेर ठेवून आत शिरले आणि सरळ कॅरोसेलकडे गेले. तिकिटे त्यांच्यासाठी इतरांनी आधीच काढून ठेवली होती. ते लाकडी प्राण्यांवर जाऊन बसले. तेथील रखवालदार उद्यानाच्या चाकरीत होता, पण त्याच्या छातीवर परगण्याच्या उपशेरीफचा बिल्ला होता. तो पुढे आला. कृष्णवर्णीयांना येथे बसू न देण्याचे उद्यानाचे धोरण आहे असे सांगून त्याने त्यांना निघून जाण्यासाठी पाच मिनिटांची मुदत दिली. तिकिटे आपल्यापाशी आहेत, असे विद्यार्थ्यांचे उत्तर होते. यंत्र चालू झाले नाही. हजारो वेळा फिरलेला तो मंच स्तब्ध होता आणि त्यावर तिकीट हाती घेतलेले तरुण घोड्यांवर बसून होते. मुदत संपल्यावर पाच जणांना अटक झाली. विल्यम ग्रिफिन, मार्व्हस सॉन्डर्स, मायकेल प्रॉक्टर, सेसिल वॉशिंग्टन आणि ग्वेंडोलिन ग्रीन ही त्यांची नावे. दुसऱ्याच्या जागेत अनधिकाराने शिरल्याचा गुन्हा त्यांच्यावर ठेवण्यात आला आणि प्रत्येकी पन्नास डॉलर दंड झाला.

निदर्शने मात्र त्या रात्री संपली नाहीत. हंगाम संपेपर्यंत, सबंध उन्हाळाभर, दाराशी फलकधारी उभे राहत. जवळच्या बॅनकबर्न वसाहतीतील रहिवासी, बहुतेक गोरे, त्यांत ज्यू कुटुंबे पुष्कळ, विद्यार्थ्यांना येऊन मिळाले. बायका मुलांना कडेवर घेऊन रांगेत चालत. त्यांच्या समोरच्या बाजूला अमेरिकन नाझी पक्षाचे लोक आपले फलक घेऊन उभे राहत. ही मुले कॅरोसेल पाहत मोठी झालेली होती. काहींनी आता त्यावर पुन्हा बसावयाचे नाही असे ठरवले. गाव आणि उद्यान यांना जोडणारी ट्रॅम त्याच वर्षीच्या जानेवारीत बंद झाली होती. उद्यानाचा जुना जमाना तसाही सरत आला होता. अखेर १९६१ च्या हंगामात मालकांनी उद्यान सर्वांना खुले केले.

खटला पुढे चालूच होता. ग्रिफिन विरुद्ध मेरिलँड राज्य या नावाने तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २२ जून १९६४ रोजी त्याचा निकाल लागला. प्रश्न नाजूक होता. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती राज्यांना पक्षपातास मनाई करते, खाजगी मालकाला नव्हे. उद्यान तर खाजगी होते. न्यायालयाच्या बहुमताने बोट ठेवले ते त्या बिल्ल्यावर. अटक करणारा माणूस उद्यानाचा पगारी असेल, पण त्याने उपशेरीफ म्हणून, राज्याच्या अधिकाराने हुकूम दिला. म्हणजे पक्षपाताची अंमलबजावणी राज्यानेच केली. शिक्षा रद्द झाल्या. दहाच दिवसांनी, २ जुलै रोजी, नागरी हक्क कायद्यावर सही झाली आणि बिल्ल्याच्या प्रश्नाचे महत्त्व उरले नाही. सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाला त्या कायद्यानेच बंदी घातली. शेजारच्या बाल्टिमोर भागातील ग्विन ओक उद्यानातही असाच संघर्ष झाला होता. तेथे २८ ऑगस्ट १९६३ रोजी, वॉशिंग्टनमधील विराट मोर्चाच्या दिवशीच, अकरा महिन्यांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला बापाने कॅरोसेलच्या घोड्यावर बसवले. तेथील कॅरोसेल पुढे १९८१ मध्ये राजधानीच्या मध्यवर्ती हिरवळीवर आणण्यात आले. ग्वेंडोलिन ग्रीन पुढे ग्वेंडोलिन ब्रिट या नावाने मेरिलँडच्या सिनेटवर निवडून आल्या.

ग्लेन एकोला मात्र उतरती कळा लागली. १९६८ चा हंगाम हा शेवटचा. त्यानंतर सामान विकावयास काढण्यात आले. जुन्या कॅरोसेलांच्या दृष्टीने तो काळ फार वाईट होता. घोड्यांना लोककलेचे नमुने म्हणून संग्राहकांकडून मागणी येऊ लागली होती, आणि अख्ख्या कॅरोसेलपेक्षा एकेक घोडा विकण्यात पैसा अधिक होता. अशा रीतीने कितीतरी कॅरोसेले मोडली. घोडे दिवाणखान्यांत गेले, यंत्र भंगारात. ग्लेन एकोचे कॅरोसेल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील एका संग्राहकाला विकले गेले. ही वार्ता समजताच गावकऱ्यांनी आणि आसपासच्या लोकांनी ते परत विकत घेण्यासाठी निधी उभारला. रक्कम थोडीथोडकी नव्हती, ऐंशी हजार डॉलर होती. आणि मुदत अगदी तुटपुंजी. तरीही पैसे जमले. १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान विभागाने जागेचा ताबा घेतला आणि कॅरोसेल त्याच्याकडे आले. १९८० मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा-नोंदवहीत नोंद झाली.

वाचवले, पण कोणत्या रूपात, हा प्रश्न शिल्लक होता. करमणूक-उद्यानात घोड्यांना दर काही वर्षांनी रंग देण्याचा प्रघात असतो. मुलांच्या बुटांनी पोटाखालचा रंग उडतो, घामाने खोगिराचा जातो. रंगारी हाताशी असेल तो डबा उघडतो आणि जुन्या रंगावर नवा थर देतो. अशा थरांखाली कोरीव कामाच्या कडा बुजून जातात. शिरा दिसेनाशा होतात, आयाळीच्या बटा एकमेकींत मिसळतात. ग्लेन एकोच्या प्राण्यांचेही तसेच झाले होते. १९८३ मध्ये रोझा पॅटन या कारागीर महिलेने हे काम हाती घेतले. थोडेथोडके नव्हे, वीस वर्षे ते चालले. एकेका प्राण्यावरचे वरचे थर हलक्या हाताने काढीत काढीत ती खालच्या मूळ रंगापर्यंत पोहोचत असे. डेंट्झेलच्या रंगाऱ्यांनी दिलेल्या छटा, खोगिराच्या कडेच्या बारीक रेषा, घोड्याच्या अंगावरचे ठिपके तिला तेथे सापडत.

येथे एक तात्त्विक मतभेद संभवतो. सापडलेला मूळ रंग तसाच उघडा ठेवावा, असे संग्रहालयाचे शास्त्र म्हणेल. पण संग्रहालयातील घोड्यावर कोणी बसत नाही. ग्लेन एकोचे कॅरोसेल दर उन्हाळ्यात चालते आणि मुले त्याला टाचा मारतात. उघडा ठेवलेला जुना रंग थोड्याच हंगामांत नाहीसा झाला असता. उलट, तो खरवडून लाकूड मोकळे करावे आणि नव्याने रंगवावे, तर जुने कायमचेच गेले. यातून मध्यम मार्ग काढण्यात आला. मूळ रंगाचा तपशील टिपून त्यावर रक्षक व्हार्निश चढवावयाचे आणि व्हार्निशवर त्याच छटांत, त्याच रेषांत नवा रंग द्यावयाचा. काम २००३ मध्ये पूर्ण झाले. आज मुलाच्या हाताला लागतो तो नवा रंग होय. त्याच्याखाली व्हार्निशचा पातळ पडदा आहे, आणि त्याखाली, १९६० च्या त्या संध्याकाळी जो होता तो आणि त्याहीपूर्वी कारखान्यातून निघताना दिलेला, १९२१ चा रंग अजून शाबूत आहे.